अंतराळवीरांनाही उचलून काढतात

माझी मुलगी आठव्या वर्षापर्यंत भिंत धरून चालायची. मग तेही थांबलं. आधी पायांचे, नंतर पाठीचे स्नायू गळत चालले होते. आजार जन्माबरोबरच आलेला. तो थांबणारा नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं.

मी जवळा बाजार या गावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. तिला कडेवर घेऊनच शाळेत न्यायचो. अकरावं लागलं तशी ती यायला नकार देऊ लागली. एवढ्या मोठ्या मुलीने कडेवर बसून जायचं, याची तिला लाज वाटायची. आईने समजावलं, रागावून पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही.

त्याच दिवसांत तिने मोबाइलवर अंतराळ स्थानकातली माणसं तरंगताना पाहिली. पृथ्वी त्यांना ओढत नाही का, म्हणून तिने मला विचारलं. मी प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाशी भोक पाडलं, पाणी भरलं, तिला अंगणात बाजेवर बसवलं आणि जिन्यावरून बाटली सोडली. हातात होती तोवर धार लागलेली. सुटली तशी धार बंद. हे तिने मला चार वेळा करायला लावलं. मी सांगितलं, ओढ तिथंही आहे, इथल्यापेक्षा थोडीच कमी. पण स्थानक आणि आतली माणसं पृथ्वीभोवती एकाच चालीने सतत पडत असतात. पायाखालची फरशीही बरोबरच पडतेय, मग ती पायांना रेटणार कशी? तो रेटाच आपल्याला वजन म्हणून जाणवतो.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण शिकवायची खोड. वजन पेलावं लागलं नाही की स्नायू गळतात, म्हणून त्यांना तिथं रोज व्यायाम करावा लागतो, हेही मी बोलून गेलो. दारात उभी असलेली बायको आत निघून गेली.

पोरगी मात्र विचार करत होती.

“मग खाली आल्यावर चालता येतं त्यांना?”

“लगेच न्हाई. यानातून उचलून बाहेर काढतात.”

“येवढ्या मोठ्या माणसांना?”

“व्हय.”

“लाजत न्हाईत ते?”

मी तिला मोबाइलवर तसं एक चित्रण शोधून दाखवलं. चौघांनी उचलून खुर्चीत ठेवलेला माणूस हसत हात हलवत होता. तिने ते कितीदा पाहिलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी आईकडून वेणी घालून घेतली आणि मला म्हणाली, “चला बाबा, उचला मला.”

त्यानंतर ती सात महिने शाळेत आली. बाजाराच्या दिवशी गर्दीतून जाताना माझ्या कडेवरून लोकांकडे बघून हात हलवायची.

थंडीत तिला कफ झाला. तो खोकून काढायचं बळ छातीत उरलं नव्हतं. दवाखान्यात पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. नर्सबाईंनी स्ट्रेचर आणू का विचारलं. मी नको म्हणालो. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली घातला आणि रोजच्या सवयीने थांबलो. ती माझ्या गळ्यात हात टाकायची, मग मी उठायचो.

बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला.

“ती न्हाई धरणार आता,” ती म्हणाली. “तुमी उठा. मी डोकं सांभाळते.”