तेलातला दगड आणि पाण्यातला दगड

माझी धाकटी बहीण पुण्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होती. एका उन्हाळ्यात ती घरी माळशिरसला न जाता थेट सोलापूरला माझ्या घरी उतरली. मला बरं वाटायला हवं होतं. पण ती मला भेटायला आलेली नव्हती, तिला माझ्या नवऱ्याकडे काम होतं.

हे कापसाच्या गाठी दाबण्याच्या कारखान्यात फोरमन होते. तिथला प्रेस पाण्याच्या दाबावर चाले आणि सैल कापसाचा ढीग लाकडासारखा टणक करून टाकी. हंगाम संपला की उन्हाळाभर तो नुसता उभा असे. बहिणीला तोच हवा होता.

आमच्या दोघींत बरंच अंतर. मी मराठी सातवी पहिल्या नंबरानं पास झाले आणि त्याच वैशाखात वडिलांनी माझं लग्न लावून दिलं. तिची वेळ येईपर्यंत वडिलांची मतं बदलली होती. त्यात तिचा काही दोष नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं. पण ती चष्मा लावून, पायात चपला घालून टांग्यातून उतरली की माझी नजर आधी त्या चपलांवर जायची.

दुसऱ्याच दिवशी हे तिला घेऊन कुंभारीला गेले. तिथं एका शेतात विहीर खणत होते. दोघं परत आली ती रुमालभर पांढरे दगड घेऊन. काही सुयांच्या जुडग्यासारखे, काही दुधाळ, चकचकीत. विहीर खणणारा तिला म्हणाला होता, "काळ्या दगडाच्या पोटात असली लई निघत्यात, बाई. आमी फोडून टाकतो. तुमाला कशाला पायजेत?" त्याची नक्कल करत ती आणि हे उशिरापर्यंत हसत होते. मी आत भाकऱ्या थापत होते.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं माझी शेगडी अडवली. काचेच्या नळीत दगडाचा तुकडा घालून ती विस्तवावर धरून बसली. थोड्या वेळानं नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमले.

"अक्का, बघ. दगडातनं पाणी निघालं. आणि दगड आहे तसाच आहे. आता पाण्यात टाकला तर पुन्हा तेवढं पाणी पिईल."

"माझं वरण राहिलंय," मी म्हणाले.

जेवताना तिनं यांना सगळं समजावलं. या दगडाला झिओलाइट म्हणतात. त्याच्या आत अतिशय बारीक बोळ असतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि पाणी त्यात राहतं. आता असा पोकळ दगड चहूबाजूंनी जोरात दाबला तर काय होईल? भोवती तेल असेल तर तेलाचे कण मोठे, ते आत शिरणार नाहीत. दगड नुसता बाहेरून आवळला जाईल. भोवती पाणी असेल तर ते बोळांत घुसेल आणि भिंतींना आतून टेकू देईल. मग तो दगड कमी दबेल. असं तिला वाटत होतं, पण खात्री नव्हती.

यांचा घास हातातच राहिला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या बोलण्यानं यांचा घास कधी थांबलेला मी पाहिला नव्हता.

"चहूबाजूंनी म्हणजे कसं दाबणार?" मी विचारलं.

"ते तुला नाही कळायचं," हे म्हणाले. "भात वाढ."

बहीण पानाकडे बघत राहिली. मी भात वाढला.

पुढचे काही दिवस हे एका मोडक्या आसाच्या पोलादातून जाड भांडं कोरत बसले. वर घट्ट बसणारा दट्ट्या, त्याला चामड्याची चकती. भांड्यात तेल किंवा पाणी भरून प्रेसनं दट्ट्या दाबला की आतल्या दगडावर चहूबाजूंनी सारखा दाब येणार होता. बहीण शेजारी उभी राहून मापं सांगे. "दाजी, अजून एक सूत कमी करा." दाजी करत. माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीचा खिळा मात्र निखळला होता तो निखळलेलाच.

प्रयोगाच्या दिवशी मी सांगितलं, "मी पण येणार."

"तिथं काय बघायचंय तुला?"

"ती एकटी प्रेसवर गेली तर लोक नावं ठेवतील." हे कारण मी आदल्या रात्रीच शोधून ठेवलं होतं.

कारखान्यात सुट्टी होती, सगळा शुकशुकाट. हे प्रेसच्या झडपेशी उभे राहिले, बहीण दाब दाखवणाऱ्या घड्याळाशी. दट्ट्या किती खाली गेला ते वाचायला कोणी उरलं नाही.

"अक्का, तू बैस इथं," बहीण म्हणाली. "पट्टीवरची रेघ बघ आणि मोठ्यानं सांग."

मी पदर खोचून जमिनीवर बसले. आधी नुसतं एरंडेल, मग एरंडेलात दगड. मग नुसतं पाणी, मग पाण्यात दगड. दाब वाढत जाई तसा दट्ट्या इतका हळू उतरे की पापणी लवली तरी चुकेल. मी श्वास धरून वाचत होते. माझी मुलं शेजारणीकडे ठेवून आलेय, हेसुद्धा मी विसरले. शेवटी दगडासकट आणि दगडाशिवाय आलेल्या आकड्यांच्या वजाबाक्या झाल्या. तेलातला दगड पाण्यातल्यापेक्षा जास्त दबला होता.

"आलं की," मी म्हणाले.

"थांब, अक्का. पुन्हा घेऊ."

पुन्हा घेताना चामड्याची चकती फाटली आणि पाण्याची चिळकांडी तिच्या चष्म्यावर उडाली. यांनी नवी चकती कापली. या वेळचे आकडे पहिल्याशी जुळले नाहीत.

"एकदा आलं, दुसऱ्यांदा नाही," ती चष्मा पुसत म्हणाली. "म्हणजे काहीच आलं नाही. चकती गळत असणार."

"मग उद्या परत करू," मी म्हणाले. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. हे म्हणाले की उद्यापासून दुरुस्तीची माणसं येणार, प्रेस मोकळा मिळणार नाही.

ती भांडं घेऊन पुण्याला गेली. यांनी ते मला न विचारता देऊन टाकलं होतं. स्टेशनवरून परतल्यावर हे म्हणाले, "तुझी नजर पक्की आहे हं." तोवर मला तिच्या चपलांचा, चष्म्याचा, यांनी तिच्याकडे दिलेल्या लक्षाचा हेवा वाटत होता. आता ते सगळं मागं पडलं होतं. ती उद्या पुन्हा असं काहीतरी घेऊन बसेल आणि मी बसणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दोनेक वर्षांनी ती दिवाळीला आली. तेव्हा ती मोठ्या परीक्षेचा अभ्यास करत होती. करंज्या भरता भरता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या दगडांचं पुढं काय झालं?"

"कुठल्या?" मग तिला आठवलं. "ते होय. सोडून दिलं, अक्का. आमच्या सरांनी परीक्षेसाठी दुसरा विषय दिला, तो सोपा आहे."

ती पुढं त्या सोप्या विषयाबद्दल बोलत राहिली. मी मान हलवत होते. तिचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.