एका हाताचा सॅक्सोफोन

आमच्या गल्लीतल्या बँडचे मास्तर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पक्षाघाताने पडले. पाय सुधारला, उजवा हात सुधारला नाही. तोवर ते क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, तिन्ही वाजवत. त्यांच्या बँडचा रिवाज असा होता की वरात निघताना पहिली ओळ मास्तरांनी एकट्याने वाजवायची आणि मग ताशे सुरू व्हायचे. आजारानंतर ती ओळ धाकटा भाऊ क्लॅरिनेटवर वाजवू लागला. मास्तर दुकानात बसून लग्नांच्या सुपाऱ्या घेत. सॅक्सोफोनला विजापूरचं गिऱ्हाईक आलं होतं. त्याला त्यांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. जहाजावर नोकरी करणाऱ्या मामेभावाने एक रेकॉर्ड आणली होती. वादक अमेरिकेतला जाझवाला. पूर्वी तो तीन वाद्यं एकदम तोंडात धरून वाजवायचा. ही रेकॉर्ड त्याच्या शेवटच्या दिवसांतली होती. पक्षाघाताने त्याचा एक हात गेला होता आणि तो उरलेल्या हाताने वाजवत होता. वेष्टनावरचा मजकूर मी मास्तरांना मराठीत सांगितला. त्यांचा विश्वास बसला नाही. शेजारी कुणीतरी बसवला असणार, म्हणाले.

दुकानात रेकॉर्ड लावली. सूर कमी होते, पण प्रत्येक सूर जागेवर उभा राहत होता. धावायचं तिथे तो एकाच स्वरावर थांबून श्वासाने आवाज फिरवत होता. मास्तरांनी ती बाजू पुन्हा लावायला सांगितली. नंतर त्यांनी केस उघडून सॅक्सोफोन काढला.

भाऊ म्हणाला, "अण्णा, ते अमेरिकेत चालतंय. हितं नाचणारी पोरं थांबत न्हाईत."

"त्यानं एका हातानं वाजवलंय की. एक हात माज्याकडंबी हाय."

डाव्या हाताने वरचे स्वर निघत. खालच्यांसाठी उजवा लागे. ओळखीच्या एका मिल-फिटरने तारा ओढून दोन खालच्या चाव्या डाव्या करंगळीपाशी आणल्या. वाद्य हलू नये म्हणून मास्तर ते कंबरेच्या पट्ट्याला बांधत. तरी काही स्वर राहिलेच. विजापूरच्या गिऱ्हाइकाला त्यांनी नकार कळवला. भाऊ चिडला. वरातीत ओळ अडली तर पुढची लग्नं दुसऱ्या बँडकडे जातील, हे त्याचं म्हणणं खरं होतं.

कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीतल्या एका लग्नात मास्तर पुढे उभे राहिले. मी सोबत गेलो होतो. ओळ खाली उतरते त्या जागी त्यांच्याकडे स्वर नव्हता. तिथे ते वर चढले आणि तो स्वर धरून ठेवला. ताशेवाले गोंधळले, काठ्या हवेत राहिल्या. कुणीतरी कानडीत काहीतरी बोललं आणि मागे हशा झाला. मास्तरांनी ओळ पहिल्यापासून घेतली, पुन्हा वरच गेले आणि या वेळी मानेने ताशाला खूण केली. ताशा कडाडला. पाठोपाठ भावाने क्लॅरिनेट उचलली.

"व्हय अण्णा, चला," तो म्हणाला आणि त्यांच्या मागच्या रांगेत गेला.

लग्नघर जवळ होतं, पण सकाळी निघालेली वरात पोचायला दुपार झाली. प्रत्येक चौकात लोक ती चढती ओळ पुन्हा मागत होते आणि मास्तर दर वेळी थांबून ती वाजवत होते.