चिठ्ठीत आलेली बाजू

आमच्या टी-रूममध्ये भांडण लागायला फारसं काही लागत नाही. दूध कुणी संपवलं, एसी कुणी वाढवला, एवढ्यावरही अख्खा लंच ब्रेक निघतो. पण त्या वर्षी जे भांडण चाललं होतं ते आयर्लंडचं होतं, आणि ते मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका रक्ततपासणी केंद्रात, माझ्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीच्या वासात चाललं होतं. आयर्लंडमध्ये बाहेरून आलेल्या काळ्या माणसांशी सर्रास भेदभाव होतो की नाही? ती म्हणायची, होतो. तो म्हणायचा, एखाददुसरा मूर्ख सगळीकडेच असतो, पण सर्रास म्हणू नकोस.

तो कॉर्क शहराचा, म्हणून मी त्याला मनातल्या मनात कॉर्ककर म्हणायचे. गोरापान, लालसर दाढीचा, रडणाऱ्या लहान मुलांचं रक्त घ्यायचं असलं की हमखास त्यालाच बोलवायचं, असा. ती जन्मली नायजेरियात, पण पाळण्याच्या वयातच आईबरोबर डब्लिनला गेली. शाळा तिथली, नर्सिंग तिथलं, मुलगीही तिथेच झाली. म्हणून ती डब्लिनकर. दोघांच्या हेलात जमीन-अस्मानाचा फरक आहे असं दोघंही सांगायची, माझ्या कानाला तो कधी कळला नाही. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं. इथे ते माझ्या मराठीत आहे.

मी डब्लिनकरच्या बाजूची होते हे आधीच सांगून टाकते. त्याला कारण आहे.

इथे विद्यार्थिनी म्हणून आले, पुढे पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, आणि या केंद्रात रक्त घ्यायच्या नोकरीला लागले. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसले, माझ्याकडे बघितलं आणि वर केलेली बाही खाली ओढून घेतली. "इथलं कुणी नाही का?" त्यांनी विचारलं. मी सुई परत ट्रेमध्ये ठेवली. शेजारच्या पडद्याआडून डब्लिनकर आली. तोवर आमची नीट ओळखही झालेली नव्हती. ती म्हणाली, "हिच्यासारखी शीर इथे कुणालाच सापडत नाही." त्याच दिवशी सकाळी माझ्या शिरा धडाधड चुकल्या होत्या आणि ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग त्या गृहस्थांना म्हणाली, "आणि नको असेल तर नो वरीज. तुमचं रक्त तुमच्यापाशी ठेवा आणि घरी जा." गृहस्थांनी बाही पुन्हा वर केली. मला शीर पहिल्या झटक्यात सापडली, कशी ते अजूनही माहीत नाही. ते गेल्यावर ती माझ्या हातात चहाचा मग देत म्हणाली, "रडायचं असेल तर आत्ताच रडून घे, पुढचा पेशंट थांबलाय." मी रडले नाही. ती नोकरी त्या दिवशी टिकली ती तिच्यामुळे, आणि पुढे घर, गाडी, मुलीची शाळा जे काही झालं ते त्या नोकरीवर झालं.

तर त्या वर्षी फेब्रुवारीत डब्लिनकरची आई तिकडे जिन्यावरून पडली आणि खुबा मोडला. आई एकटी, ही एकुलती एक. इकडे हिच्या भाड्याच्या घराचा करार मे महिन्यात संपत होता. करार वाढवायचा, की चंबूगबाळं आवरून मुलीला घेऊन परत जायचं? नर्सिंगची नोकरी तिकडे कधीही मिळाली असती. अडत होतं ते मुलीपाशी. डब्लिनमध्ये त्यांच्या घरासमोर छोटीशी हिरवळ होती. तिथे खेळताना मोठ्या पोरांनी पोरीला घेरलं आणि 'घरी जा, घरी जा' असं ओरडत राहिले. घर तर त्या पोरांच्याच पाठीमागे होतं, निळ्या दाराचं. त्यानंतर सहा वर्षांची ती पोर दाराबाहेर एकटी पाऊल टाकेना. म्हणून तर ही ऑस्ट्रेलियाला आली. इथेही सगळं गोडगोड होतं असं नाही. दुकानात सिक्युरिटीवाला हिच्या मागेमागे फिरायचाच. पण मुलगी पार्कमध्ये एकटी धावायला लागली होती. आईला एकटं ठेवायचं, की मुलीला पुन्हा त्या हिरवळीवर न्यायचं, एवढाच काय तो प्रश्न होता.

कॉर्ककर रोज सांगायचा, "घरी जा तू. आईपाशी जा. तसं काही नसतं गं तिथे."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. कारण ते माझ्या ओळखीचं होतं. आम्ही बौद्ध. मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरात आमच्या आसपास मराठी घरं पुष्कळ आहेत, माणसं हौशी आहेत, मुलांना शाळेतून आणायला एकमेकांच्या उपयोगी पडतात. पण नवी ओळख झाली की पहिला प्रश्न आडनावाचा. आडनावावरून अंदाज लागला नाही तर गाव. गावावरूनही नाही लागला तर "म्हणजे मूळचे कुठले?" आणि मग एक लांबलचक "अच्छा". त्या अच्छानंतर हळदीकुंकवाची बोलावणी हळूच बंद होतात. आणि हीच माणसं कुठे बार्बेक्यूला भेटली की सांगतात, "आता कुठे राहिलंय गं तसलं काही? आणि ऑस्ट्रेलियात तर मुळीच नाही." ती खोटं बोलत नाहीत. त्यांना त्यांचं आडनाव कधी कुणी दुसऱ्यांदा विचारलेलंच नसतं. म्हणून कॉर्ककर मला कितीही आवडत असला तरी त्या वाक्यानंतर डब्यातलं वरण त्याच्या डोक्यावर ओतावंसं वाटायचं.

एप्रिलमध्ये आम्ही मंडळी एक कम्युनिटी हॉल घेऊन जयंती साजरी करतो. वंदना, भाषणं, खीर, आणि वादविवाद. आमच्याकडे नागपुरात वस्तीवस्तीत जयंतीचे वादविवाद रंगायचे, त्याशिवाय जयंती झाल्यासारखी वाटत नाही. नियम तिकडचाच इथे आणला आहे: बाजू चिठ्ठीनं ठरते. पटो न पटो, चिठ्ठीत येईल ती बाजू जीव तोडून लढवायची. मी टी-रूमची गंमत आमच्या सेक्रेटरीला सांगितली. हा पवई सोडून आलेला आयटीवाला, उत्साहाचा झरा. "अगं ताई, बोलाव ना दोघांना! विषय तोच ठेवू. इंग्लिशमध्ये घेऊ, आपल्या मुलांनाही कळेल." डब्लिनकर हो म्हणाली, कॉर्ककर जेवण आहे म्हटल्यावर हो म्हणाला.

आठवडाभर आधी हा सेक्रेटरी पठ्ठ्या स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या घेऊन आमच्या टी-रूममध्ये हजर. डब्लिनकरनं चिठ्ठी उचलली, उघडली आणि टेबलावर ठेवली. तिच्या वाट्याला आलं होतं, 'नाही, सर्रास नाही.'

मी सेक्रेटरीला म्हटलं, "परत टाक चिठ्ठ्या."

"ताई, रूल इज रूल. हीच तर आपली पद्धत आहे."

मग माझा तोल गेला. मराठीतच म्हटलं, "अरे, उद्या तुला भर सभेत उभं केलं आणि सांगितलं, बोल, जातबीत काही नसतंच, तर बोलशील? आपल्याच जयंतीला?" त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "सॉरी ताई. गॉड प्रॉमिस, डोक्यातच आलं नाही माझ्या." इतकी वर्षं चिठ्ठ्या टाकल्या त्या प्लास्टिकबंदी आणि मोबाइलच्या विषयांवर, त्यामुळे नियम कुणाला टोचेल असं आमच्यात कुणालाच वाटलं नव्हतं. त्यानं चिठ्ठीकडे हात नेला. पण तोवर डब्लिनकरनं ती मुठीत घेतली होती. आमचं मराठी तिला कळलं नव्हतं, भांडण बरोबर कळलं होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "ही बाजू एकदा खरंच मनापासून मांडून बघते. मला स्वतःला पटली तर मी जाईन."

म्हणजे कॉर्ककरला 'हो, सर्रास होतो' असं सांगायचं होतं. तो खो खो हसला. त्या आठवड्यात मात्र तो बदलत गेला. रोज घरी फोन करत होता, बहिणीला, चुलतभावांना, जुन्या मित्रांना. टी-रूममध्येही कागदावर काहीबाही लिहीत बसायचा. दूध संपलं तरी बोलेना.

जयंतीच्या दिवशी हॉल पांढऱ्या साड्यांनी भरला होता. आधी कॉर्ककर उभा राहिला. फोनवर काय काय ऐकलं ते त्यानं सांगितलं, आणि मग कागद बाजूला ठेवला. म्हणाला, "कॉलेजला मी बसनं जायचो. त्याच बसला हॉस्पिटलमधली एक काळी नर्स असायची. मी कायम उशिरा पोचायचो, बस खचाखच भरलेली असायची, पण मला बसायला जागा मिळायची. तिच्या शेजारची. ती जागा शेवटपर्यंत रिकामी राहते हे मला माहीत होतं. मी बसस्टॉपवर धावायचोच नाही. परवापर्यंत मला वाटत होतं की मी नशीबवान होतो." एवढं बोलून तो खाली बसला. दाढीपर्यंत लाल झाला होता.

मग ती उठली. आणि काय सुंदर बोलली! शेजारची एक विधवा बाई, जिनं हिच्या मुलीला आपल्या घराची किल्ली दिली, कधीही ये म्हणून. बसमध्ये हिला शिव्या देणाऱ्याला खाली उतरवणारा ड्रायव्हर. हिची आई फी भरायला गेली तेव्हा स्वतः उठून खुर्ची देणाऱ्या मुख्याध्यापिका. ती एकेकाचं नाव घेऊन सांगत होती, कुणी काय घातलं होतं, बाहेर ऊन होतं की पाऊस. ही माणसं म्हणजेच आयर्लंड, ती म्हणाली, आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला वाटलं, ही जाणार.

टाळ्या थांबल्या. मग कॉर्ककरकडे वळून तिनं विचारलं, "तुला तुझ्या बस ड्रायव्हरचं नाव माहीत आहे?"

त्यानं मान हलवली. नव्हतं.

"माझ्याशी चांगलं वागलेल्या प्रत्येक माणसाचं नाव मला पाठ आहे," ती म्हणाली. "ते पाठ राहावं इतकी ती थोडी होती." आणि वेळ शिल्लक असताना खाली बसली.

परीक्षक होत्या नागपूरहून नातवंडांकडे आलेल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्या उठल्या, चष्मा पुसला, हा आपलं जुनं मत हरला, ही चिठ्ठीतली बाजू हरली, तेव्हा पहिलं बक्षीस दोघांना, असं जाहीर केलं आणि खीर वाढायला सांगितली.

खिरीच्या रांगेत कॉर्ककर आमच्यापाशी आला. "तिथे आहे ते," तो तिला म्हणाला. "मी उगाच नाही नाही म्हणत होतो. आहे. पण तू गेलीस तर माझी बहीण डब्लिनमध्येच आहे. मी सगळं सांगितलंय तिला. मुलीच्या शाळेत काही झालं, हिरवळीवर काही झालं, तर तिला फोन कर. ती येईल."

डब्लिनकर त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "तू नाही म्हणायचास ना, तेव्हाच मला सगळ्यात जास्त भीती वाटायची. पुन्हा काही झालं असतं तर मी सांगायचं कुणाला? आता सांगायला माणूस आहे."

तिनं घराचा करार वाढवला नाही. मे महिना संपता संपता मी त्या मायलेकींना एअरपोर्टवर सोडायला गेले. माझी मुलगी तिच्या मुलीशी इंग्रजीत गुपितं बोलत होती. मी घरून ठरवून गेले होते की एकदा नीट आभार मानायचे. म्हटलं, त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या वेळी तू मध्ये पडली नसतीस तर मी तेव्हाच सगळं सोडून नागपूरला परत गेले असते. इतकी वर्षं सांगायचं राहून गेलं, मी तुझी खूप ऋणी आहे.

तिला तो प्रसंग आठवेचना. "कुठला म्हातारा?" म्हणाली. आणि मग हसत विचारलं, "बरं, काय घातलं होतं मी?"

"जांभळा स्कार्फ," मी ताबडतोब म्हटलं.

तिचं हसू ओसरलं. तिनं मला जवळ घेतलं. "माझ्यासारख्या इतक्या जणी भेटू देत तुला," ती कानाशी म्हणाली, "की मी त्यातली नेमकी कोण, हे तुला आठवू नये."

मी हो म्हटलं. स्कार्फच्या काठाला पिवळी फुलं होती.