विहिरीपाशी उभी असलेली

अकोल्याची खोली रिकामी करताना मुलीच्या सामानापैकी मी केवळ तिचा संगणक अमरावतीला आणला. बाकीचे सारे तिच्या मैत्रिणीने गरजूंना वाटले. मुलगी आठ दिवसांच्या तापाने गेली. त्याविषयी याहून अधिक लिहिणे मला आजही साधत नाही.

त्या संगणकात एक खेळ होता. त्या खेळात तिने दोन वर्षे खपून एक शेत उभे केले होते; कळा दाबून आपल्यासारखीच एक मुलगी ती त्या शेतात फिरवी. मी अकोल्याला गेलो की ती मला ते दाखवी आणि मी म्हणे, "अगं, हे सारे मिथ्या."

"बाबा, तुमचं तं सगळंच मिथ्या आहे," ती म्हणे. "निदान माझ्या मिथ्यात विहिरीले पाणी आहे."

तिची मैत्रीण तिच्याच कचेरीतली, शेजारच्या खोलीत राहणारी. सामान बांधता बांधता ती सहज बोलून गेली, "काका, ताप भरला त्या दिवशी ती खेळ तसाच सोडून उठली. विहिरीपाशी उभी असन अजून." ते वाक्य माझ्या मनातून जाईना. जिथे ती थांबली ती जागा, तिने सोडली तशीच, एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढीच इच्छा उरली.

पूजा आटोपून मी संगणकापुढे बसू लागलो. पण घरच्या इंटरनेटला जोडताच खेळाने स्वतःचे नूतनीकरण करून घेतले आणि त्या जुन्या यंत्राला तो पेलवेना. चित्र अडखळे, आवाज पुढे निघून जाई, मग पडदा काळा होई. तीन दिवस असेच गेले.

"यंत्रापुढं बसून कोणता जप करून राहिले?" पत्नीने विचारले. मी सांगितले. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

चौथ्या दिवशी मी मैत्रिणीला फोन लावला.

"नवीन ग्राफिक्स मागून राहिलं थे," ती म्हणाली. "या मशीनचा तेवढा जीव नाही. त्याले सांगा, जुन्या रीतीनंच सुरू हो. खेळाच्या नावावर उजवं बटन दाबा. प्रॉपर्टीज. खाली लाँच ऑप्शन्स म्हणून रिकामी चौकट आहे?"

"आहे."

"त्यात उणेचं चिन्ह टाका. त्याले चिकटून डीएक्स अकरा. मधात जागा नोका सोडू."

मी एकेक अक्षर उच्चारून टंकले व दोनदा पडताळले.

"काका, जन्मभर संस्कृत शिकवलं तुमी, हे तं एका ओळीचं काम आहे," ती हसली. मग तिचा स्वर खाली आला. "एक ध्यानात ठेवा. जिथं उभे असाल तिथं हा खेळ आपला आपण सेव्ह होते. फक्त पाहा. कोणतंच बटन दाबू नोका."

या वेळी चित्र अडखळले नाही. ज्वारीची हिरवी रांग वाऱ्याने हलत होती. विहिरीच्या काठाशी, आत वाकून पाहत, आमच्याकडे पाठ करून ती उभी होती. निळा कुडता, एक वेणी. पत्नीने पदर तोंडाला लावला.

आणि मी, जो पुस्तकाला पाय लागला तरी हात लावून कपाळाशी नेतो, ज्याने आयुष्यात एकही पोथी नमस्काराशिवाय उघडली नाही, त्या मी तसाच हात पुढे केला. चार बोटे त्या कळफलकावर टेकवली आणि कपाळाला लावली.

ती चालली. विहीर सोडून तीन पावले पुढे गेली आणि थांबली. कोपऱ्यात सेव्हचे एक लहानसे चक्र फिरले आणि नाहीसे झाले.

उत्तरपूजेच्या शेवटी मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. ती हलली की देव त्यातून गेले, असे आम्ही मानतो. शाळा सांभाळून पौरोहित्य करताना किती घरी मी माझ्या हाताने गणपती असा हलवला. मुले रडत, आणि मी ताम्हण आवरत त्यांना सांगे, रडू नये.

"काका? दिसली काय?" फोनमधून आवाज आला.

"दिसली," मी म्हणालो. "माझ्या हातून हलली. पूर्ववत करता येईल का?"

मैत्रीण म्हणाली, "मांगं आणून उभी करता येते, काका. पण मंग थे तुमी उभी केलेली असन."

पत्नीने माझे मनगट धरून हात कळफलकापासून दूर नेला आणि आपल्या मांडीवर ठेवला. पडद्यावर ज्वारी हलत होती. विहिरीचा काठ रिकामा होता. संगणक कसा बंद करावा हे मला आठवेना, आणि विचारावेसेही वाटेना.