पाहणीआधीची फरसबी

माझ्या आत्याला शेती-विकास कार्यक्रमाने पगार चालू केलाय, असं गावभर बोललं जातं. शिंपी तर छातीठोकपणे सांगतो, "महिन्याच्या महिन्याला घरपोच येतो. उगीच नाही ती कुणाशी बोलत!"

पगार-बिगार काही नाही. आत्या बोलत नाही, कारण ती दमलेली असते. तिला मिळालं ते एवढंच: फरसबीचं बियाणं, ठिबकच्या नळ्या आणि बांधावर 'आदर्श शेतकरी' असा फलक. तिचं रान डांबरी रस्त्याला लागून, गाडी थेट पोचते, म्हणून निवड झाली. आदर्शपणाचं सगळं श्रेय त्या डांबराला.

तेव्हापासून पाहुण्यांची रीघ. कोणी नळी तुडवतं, कोणी "बघू तरी" म्हणत शेंगा खुडून खिशात टाकतं. आत्या एकाच वाफ्यापुढे उभी राहून तेच ते सांगत असते. सगळे गेले की बांधावर टेकते. "जीभ दुखते गं. त्यापेक्षा पाठ दुखलेली परवडली."

पहिल्या वर्षी पैसे बरे आले, खोटं कशाला बोला. घरावरचे नवे पत्रे त्यातलेच. मग कार्यक्रमाने तेच बियाणं आणखी चाळीस जणांना वाटलं. सगळ्यांच्या शेंगा एकदमच बाजारात उतरल्या आणि भाव असा बसला, की तोडणीची मजुरीसुद्धा निघेना.

म्हणून यंदा बियाणं हातात पडलं त्याच दिवशी आत्याने पेरलं. बाकीच्यांनी सवडीनं. गुरुवारी तोडायचं आणि चाळीस जणांचा माल यायच्या आत विकून मोकळं व्हायचं, असं तिनं ठरवलं होतं.

बुधवारी कार्यक्रमाचा पर्यवेक्षक फटफटीवरून आला. हा आधी चष्मा पुसतो, मग नाकातून बोलतो.

"म्हणजे काय आहे ना ताई, मोठे साहेब सोमवारी येतायत. तोवर एक शेंग तोडायची नाही. रान कसं, भरलेलं दिसलं पाहिजे."

"सोमवारपर्यंत शेंगा निबर होतील. आणि सगळ्यांचा माल आलेला असेल."

"म्हणजे काय आहे ना, वरून आदेश आहे. रान रिकामं दिसलं तर नळ्या परत न्याव्या लागतील. माझ्या हातात काही नाही हो."

"माझ्याही हातात नाही, दादा. जे आहे ते रानात आहे."

तो गेल्यावर मी त्याची हुबेहूब नक्कल केली. एरवी पोट धरून हसणारी आत्या हसली नाही. नळीवर हात ठेवून बसून राहिली. नळ्या गेल्या तर पुन्हा भर उन्हात बादल्या वाहायच्या. शेंगा निबर झाल्या तर अख्खा हंगाम गेला.

गुरुवारी उजाडताच ती रानात शिरली. दुपारी क्रेट टेम्पोत चढले. भाव चांगला लागला. सांगायला आली तेव्हा आवाजात आनंद नव्हता, नुसती धूळ होती.

मी म्हटलं, "लाव पैज. सोमवारी साहेब भडकणार, नळ्या जाणार. हरेल त्यानं सगळे क्रेट धुवायचे."

"लावली. साहेब रानाकडे बघणारच नाहीत. तीन वर्षं बघतेय मी त्यांना."

सोमवारी गाडी आली. साहेबांनी काच अर्धी खाली केली. "काय ताई, उत्पन्न वाढलं ना?"

"वाढलं."

"छान, छान."

पर्यवेक्षकाने मोकळ्या रानाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून 'वाढलं' असं लिहून घेतलं. काच वर गेली.

"विहिरीपाशी ठेवलेत," आत्या म्हणाली आणि आत जाऊन आडवी झाली.

सत्तावीस क्रेट होते.