वत्सलाकाकूंचं सोयाबीन

राळेगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या वत्सलाकाकू जेवायला असल्या की आई वरणावर सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरायची नाही. 'मले त्याच्यात वावरातल्या ढेकणाचा वास येते,' काकू म्हणायच्या.

पूर्वी असं नव्हतं. काकू मोठ्या फटकळ. महाप्रसादाच्या पंगतीत पुजाऱ्यालाच 'मीठ इसरले काय महाराज?' म्हणून विचारणाऱ्या. फक्त वावरात त्यांचं काही चालत नसे. तिथे नामदेवकाका दरवर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी लावत आणि दरवर्षी ती काही ना काही दगा देई. काकू मागे लागल्या, 'एक साल माह्या मनानं पेरा. साधलं तर पुढंही मले इचारत जा.' एका वर्षी काका कबूल झाले.

सोयाबीन असं उठलं की काकू वाटेवरच्या माणसाचा हात धरून त्याला बांधावर नेत. मलाही नेलं. पानापानांवर हिरवे ढेकूण बसले होते. एक माझ्या बोटाखाली चिरडला आणि सांबाराचा उग्र वास सुटला. काकू हसल्या. 'पाह्य, वावरानं आतापासूनच फोडणी घातली!' शेंग मात्र कुणाला फोडू देईनात. 'देवीले नवं दाखवल्याबिगर नाही.' बाकीच्यांची झाडं पिवळी पडून वाळली, काकूंची हिरवीगारच. 'माह्या वावराले म्हातारपणच नाही,' असं त्या मिरवत सांगायच्या.

घटस्थापनेला त्यांनी पहिली शेंग फोडली. आत दाणा चपटा, सुरकुतलेला. दुसरीही तशीच. ढेकणांनी दाण्यातला रस केव्हाच शोषला होता, आणि दाणाच भरला नाही म्हणून झाडं न पिकता हिरवी राहिली होती. काका रागावले नाहीत. 'पुढच्या साली पऱ्हाटीच लावू,' एवढंच म्हणाले. रागावले असते तर काकू भांडल्या तरी असत्या, असं मला आजही वाटतं. त्यानंतर पेरणीचा विषय निघाला की त्या चुलीपुढून हलत नसत. 'मले काय समजते त्याच्यातलं?' अशी बोलकी बाई मिटून गेलेली पाहून जीव तुटायचा.

कपाशी पुढेही बुडतच राहिली. काकू वारल्या त्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले. काका ओसरीवर एकटेच बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, 'यंदा काय पेरणार?'

काका म्हणाले, 'पऱ्हाटीनं इतके खेप बुडवलं, तरी तिले दरखेपी आखीन एक साल देल्लं मी. तुह्या काकूले एकच देल्लं.'