पट्टी टाकली होती

“कापा ना दिलीपभाऊ, काय विचार करून राह्यले?”

प्रवीण मोबाइलच्या स्क्रीनवरून बोलत होता. तो पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये. मी चंद्रपूर जिल्ह्यात, सावली तालुक्याच्या ठिकाणाजवळच्या त्याच्या गावात, त्याच्या घराच्या भिंतीला लावलेल्या शिडीवर, हातात कटर घेऊन. खाली त्याची आई अनसूयाबाई माझा मोबाइल दोन्ही हातांनी उंच धरून उभी होती. केबल कापलेली आपल्याला दिसली पाहिजे असा त्याचा हट्ट होता. उंटावरून शेळ्या हाकणारी गिऱ्हाइकं मला नवीन नाहीत. मी कापली.

केबलच्या धंद्यात मला बावीस वर्षं झाली. आधी छतावरून छतावर काळी वायर ओढली. आता मालक म्हणतो, केबल मेली, फायबर टाका. फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार, तिच्यातून घरात इंटरनेट येतं. मग टीव्हीच्या मागं एक छोटं डबडं लावायचं. त्याला मीडिया बॉक्स म्हणतात. ते लावलं की सिनेमे, मालिका, भजनं, पाहिजे ते पाहिजे तेव्हा. प्रवीणनं मोठा टीव्ही पाठवला होता, बॉक्स पाठवला होता आणि वर एक हार्ड डिस्क. तिच्यात घरातली लग्नं, बारशी आणि आईच्या आवडीची कीर्तनं भरली होती. पोरगा वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी त्याच्यावर चिडणार आहे.

सगळं जोडून झालं. चित्र असं लख्ख आलं की शेजारच्या बाया दारात जमल्या. अनसूयाबाईनं पाच मिनिटं पाहिलं आणि मला विचारलं, “आन् पट्टीवाला चॅनल कुठी लावाचा गा?”

पट्टीवाला चॅनल म्हणजे आमचं लोकल चॅनल. सावलीत मालकाच्या दुकानामागं एक खोली आहे, तिला आम्ही कंट्रोल रूम म्हणतो. तिथं एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर दिवसभर सिनेमे लागतात आणि खाली एक पट्टी फिरते. कोणाचं लग्न, कोणाची मयत, मच्छीमार सोसायटी तलावात जाळं कधी टाकणार, लाइन, म्हणजे वीज, कधी जाणार. आणि वाघ. जंगल खात्याचा गार्ड फोन करतो किंवा स्वतः येतो, अमुक शिवारात वाघ फिरून राह्यला म्हणून सांगतो, मी टाइप करतो. बाया संध्याकाळी भाकरी थापता थापता पट्टी पाहतात आणि उद्या कोणत्या बाजूला जायचं ते ठरवतात.

“तो याच्यात नाई येत, बाई,” मी म्हणालो.

“काऊन नाई येत? एवढा मोठा टीव्ही हाये.”

फोनमधून प्रवीण हसला. “आई, ती लग्न-मयतीची पट्टी कशाला पाहिजे आता? जंगल खात्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात आपल्या घराचा नंबर दिलाय मी.”

“आता सगळं मोबाइलवर येते, बाई,” मीही हसून त्याची री ओढली.

त्या घरात मोबाइल एकच. तो नामदेवभाऊंचा, म्हणजे अनसूयाबाईच्या नवऱ्याचा, आणि तोही बटनाचा. त्याच्यावर व्हॉट्सॲप येत नाही. मग ग्रुपमध्ये दिलेला घराचा नंबर कोणाचा? प्रवीणचा. म्हणजे गावातला वाघ कळणार पुण्यात. ही गोष्ट मला तिथंच उभ्या उभ्या सुचायला पाहिजे होती. कोणती वायर कोणत्या घरात जाते हे पाहणं हेच माझं काम आहे. पण मला पुढच्या घरी जायची घाई होती.

लोकल चॅनल फायबरवर चढवता येतं. त्याला एन्कोडर नावाचं एक मशीन लागतं, ते आपलं चित्र इंटरनेटवर पाठवतं. मी मालकाला, बंडूभाऊला, तसं म्हटलं होतं.

“कोण पाहते गा ते चॅनल?” तो म्हणाला. “म्हाताऱ्या बाया.”

“म्हाताऱ्या बायाच त जाते जंगलात.”

“पाहू पुढच्या वर्षी.”

मी मूग गिळून गप्प बसलो. त्या महिन्यात मी अनसूयाबाईची, मच्छीमारांची ती आख्खी गल्ली फायबरवर नेली. ज्या घरातून काळी वायर काढली त्या घरातली पट्टीही मीच काढली. एकाही घरात मी ते धडपणे समजावून सांगितलं नाही. लोक विचारत, मी म्हणे, मोबाइलवर येते.

मार्च संपत आला आणि मोह पडायला लागला. मोहाची फुलं पहाटेपर्यंत झडत राहतात. उशीर झाला तर गुरं आणि रानडुकरं खाऊन जातात. म्हणून बाया झुंजुमुंजू व्हायच्या आत टोपल्या घेऊन निघतात आणि झाडाखाली वाकून वेचतात. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं आमच्याकडं म्हणतात. वर्षातले हे दिवस सगळ्यात वाईट.

अशाच एका दिवशी चार वाजता गार्डसाहेब कंट्रोल रूममध्ये आले. तरुण माणूस, घामाघूम झालेला.

“तलावामागच्या मोहाकडं वाघीण आहे. पिल्लं आहेत सोबत. आत्ताच टाका, दिलीपभाऊ. उद्या कोणी तिकडं फिरकलं नाही पाहिजे.”

मी त्यांच्यासमोर टाकली. लाल पट्टी, पांढरी अक्षरं, दर दोन मिनिटांनी. त्यांनी फोटो काढला, ग्रुपवरही मेसेज टाकला आणि ते गेले.

मग मला फोन आला नामदेवभाऊंचा. टीव्ही आंधळा झाला म्हणे. सात वाजता मी त्यांच्या घरी पोचलो. भाऊ तलावावर गेले होते, घरी अनसूयाबाई एकटीच. टीव्हीत काही बिघाड नव्हता. टीव्हीला मागं तीन-चार तोंडं असतात, बॉक्स एका तोंडाला जोडलेला असतो, आणि बाईनं रिमोटचं भलतंच बटन दाबल्यामुळं टीव्ही रिकाम्या तोंडाकडं पाहत बसला होता. मी दोन मिनिटांत ठीक केलं. मग पुन्हा असं होऊ नये म्हणून रिमोटवरच्या नको त्या बटनांवर टेप चिकटवत बसलो. अनसूयाबाई समोर जमिनीवर बसून टोपलीची सुटलेली कड बांधत होती.

“लवकर आटोप गा,” ती म्हणाली. “मले पहाटे मोहाले जाचं हाये.”

“झालंच, बाई,” मी म्हणालो.

तिनं चहा दिला. मी प्यायलो. रिमोट तिच्या हातात देऊन कोणतं बटन दाबायचं ते दोनदा करून दाखवलं. मग गाडी काढली आणि घरी आलो.

वाघीण मी विसरलो नव्हतो. हेच मला आजही सहन होत नाही. ती माझ्या डोक्यात होती, चांगली लाल पट्टीसकट होती. पण बावीस वर्षांची सवय अशी की पट्टी टाकली म्हणजे गावाला सांगून झालं. बाई मोहाला जायचं म्हणाली तेव्हा माझं डोकं म्हणालं, पाहील ती पट्टी, राहील घरी. ज्या टीव्हीवर ती पट्टी येऊच शकत नव्हती त्या टीव्हीसमोर बसून मी हे म्हणत होतो. तो टीव्ही मीच लावला होता.

सकाळी साडेसहाला गार्डसाहेबांचा फोन आला.

“पट्टी टाकली होती ना?”

“तुमच्यासमोरच टाकली, साहेब.”

“मग चार बाया तिकडं गेल्या कशा?”

त्यांनी नावं सांगितली. चारही घरं त्याच गल्लीतली. अनसूयाबाई झाडाखाली वाकली होती तेव्हा वाघिणीनं मागून झडप घातली. बाकीच्या तिघी पळाल्या नाहीत. त्यांनी टोपल्या आपटल्या, ढेकळं मारली, गळे फुटेस्तोवर आरडल्या. वाघीण पिल्लांकडं निघून गेली. अनसूयाबाईचा उजवा खांदा आणि पाठ फाटली होती. पलीकडच्या गल्लीत अजून काळी केबल होती. त्या गल्लीतली एकही बाई त्या दिवशी तलावामागं गेली नव्हती. हे मला कोणी सांगितलं नाही, मीच घरोघरी विचारून आलो.

चंद्रपूरच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सगळे जमले. बंडूभाऊनं मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

“घाबरू नको. पट्टी फिरत होती याचं रेकॉर्डिंग हाये आपल्याजवळ. आपल्यावर नाई येत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आपल्यावर नाई येत? बाई आत पडून हाये, आन् तू रेकॉर्डिंग सांगून राह्यला मले?”

“हळू बोल, लोक पाहून राह्यले.”

“पाहू दे. एक मशीन आणाचं जिवावर आलं तुह्या. म्हाताऱ्या पाहते म्हणे. त्या म्हाताऱ्यांच्याच घरच्या केबलवर मोठा झाला तू.”

गार्डसाहेब मध्ये पडले. त्यांच्या हातात मोबाइल होता. ग्रुपवरचा मेसेज उघडून ते ज्याला-त्याला दाखवत होते. त्यांचं काम त्यांनी केलं होतं, त्यांना मी काय बोलणार. पण मेसेज दाखवणारा तो हात मला झोडपावासा वाटला.

तेवढ्यात प्रवीण आला, थेट पुण्याहून. आल्याआल्या माझ्यावरच तुटून पडला. “चॅनल जाणार होतं तर तुम्ही मला अडवायचं ना. टेक्निशियन तुम्ही आहात.”

“तुमच्या आईनं विचारलं होतं,” मी म्हणालो. “तुम्ही हसले.”

“तुम्ही पण हसलात.”

“हो. मी पण. मेसेज आला होता ना तुम्हाला?”

तो भिंतीला टेकला. मेसेज आला होता. दिवसाला पन्नास गुड मॉर्निंग येतात म्हणून त्यानं ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला होता. त्यानं तो मेसेज उघडला तोवर आई दवाखान्यात पोचली होती. तो तिथंच खाली बसून रडायला लागला. मला त्याची दया आली आणि त्याचा रागही तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी अनसूयाबाईनं मला खाटेजवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता.

“वाघीण हाये म्हणून तुले माहीत होतं का गा?”

“हो, बाई.”

“कवापासून?”

“चार वाजतापासून.”

“मंग सात वाजता त तू माह्या घरी बसला होता. तोंडानं काऊन नाई सांगतलं?”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती, तिला कळत नव्हतं.

पुढं काय झालं ते सांगतो. तिचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. जाळं ओढायला ती नवऱ्यासोबत जायची, ते बंद झालं. त्या गल्लीतल्या सगळ्या घरांना मी काळी केबल परत जोडली, कोणाला न विचारता. फायबर आहे तसं राहू दिलं. टीव्हीला तोंडं असतातच, एका तोंडाला ही, दुसऱ्याला ती. बंडूभाऊ म्हणाला, कोणाला विचारून जोडली? मी म्हटलं, काढून टाक मले. त्यानं काढलं नाही, कारण खांबावर चढणारा दुसरा माणूस त्याच्याकडं नाही. एन्कोडर अजून आलेला नाही. पाहू, पाहू चालू आहे.

नवीन पोरांना मी हे काम शिकवतो तेव्हा वायरचं नंतर सांगतो. आधी हे सांगतो की पट्टी टाकणं वेगळं आणि सांगणं वेगळं. सांगणं म्हणजे समोरच्या माणसानं “हो, नाई जात” असं म्हटलं पाहिजे. ते ऐकल्याशिवाय मी आता गाडी वळवत नाही. अनसूयाबाईकडं अजूनही जातो. ती चहा देते, डाव्या हातानं.